भास्करनं न घेतलेलं नाव

भास्कर हिवराळे गेल्याचा निरोप आला तेव्हा मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं सगळं धूसर. फोनवर मेसेज आला, पण अक्षरं दिसेनात. शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढं फोन धरून म्हटलं, "एवढं वाचून दाखवता का?" त्यांनी वाचलं, "काका, बाबा आज सकाळी गेले. दुकानातच. करुणा." वाचून झाल्यावर त्याच चपापल्या आणि हळूच म्हणाल्या, "जवळचे होते का हो?" मी म्हटलं, "मित्र होता माझा." हा शब्द तेव्हा तोंडातून अगदी सहज निघाला. आज तो कागदावर लिहिताना हात थांबतो.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. मधे भास्करची शोकसभा झाली, तीत मी बोललो. माझं बोलणं लोकांना फार आवडलं, दोघाचौघांनी डोळे पुसले, नंतर काहींनी फोन करून सांगितलं की असं मोकळेपणानं कबूल करायला छाती लागते. ते बोलणं मला मागं घ्यायचंय. त्यात मी सांगितलेल्या घटना खऱ्या होत्या, पण त्यांचा लावलेला अर्थ माझ्या सोयीचा होता. म्हणून आधी घटना सांगतो.

वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते त्या काळात मी वैजापूर तालुक्यातल्या माझ्या गावाहून औरंगाबादला आलो. घरी शेती होती, विहीर होती, वाड्यात माणसंही पुष्कळ होती, पण पोराला पँट-शर्टाची नोकरी पाहिजे असं वडिलांच्या मनात होतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगला लागलो आणि बजाजनगरमधे खोली घेतली. भास्कर त्याच कारखान्यात स्टोअरला होता. चितेगावकडचा, शेतमजुराचा मुलगा, आयटीआय केलेला. कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तो स्टोअरमधे ठेवला, आणि त्याला हात लावायची हिंमत फक्त भास्करनं केली. सुटी झाली की तो शहरात एका क्लासला जाई आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत जे शिकला ते मशीनवर करून बघे. मला तो पहिल्या दिवसापासून 'पाटील' म्हणायचा. त्यात चेष्टा किती आणि सावधपणा किती, हे मी कधी तपासलं नाही.

सुरक्षा सप्ताह आला होता. पेंटरनं ऐन वेळी पाठ फिरवली, आणि साहेबांना तर शॉपमधे, म्हणजे यंत्रांच्या शेडमधे, मोठा फलक पाहिजे होता. भास्कर म्हणाला, "दोन दिवस द्या, मशीनवर काढतो." सगळे हसले. आमचा प्रिंटर म्हणजे कडेला भोकांच्या पट्ट्या असलेल्या लांबलचक कागदावर करकर करत ठिपके मारणारा. त्यावर बोटाएवढी अक्षरं निघायची, तीही इंग्रजी. भास्करनं आलेखाचे कागद आणले, त्यावर एकेक मराठी अक्षर चौकोन रंगवून काढलं, कुठला चौकोन काळा आणि कुठला कोरा ते आकड्यांत मशीनला सांगितलं. मग प्रोग्राम असा लिहिला की तो आधी विचारायचा, आडवे किती कागद, उभे किती कागद? आपण आकडे दिले की एकच ओळ कापून, वाटून, तितक्या कागदांवर छापायचा. एका कागदावर 'सु'ची नुसती पाठ, दुसऱ्यावर त्याचा उकार. सुटे बघितले तर काळे डाग. जमिनीवर मांडून खळीनं जोडले की पुरुषभर उंचीची अक्षरं उभी! साहेब स्वतः खाली बसून कागद मोजत होते. भास्करनं त्या प्रोग्रामला नाव दिलं 'मोठा'. फ्लॉपीवर निळ्या पेननं तेवढंच लिहिलेलं असायचं.

पुढं वर्षभर 'मोठा'ला उसंत नव्हती. कुणाची निवृत्ती, कुणाच्या मुलाची बारावी, व्हॉलीबॉलचे सामने, गणपती, भीमजयंती. सुटीच्या दिवशी दुपारी माझ्या खोलीवर आम्ही दोघं उरलेली जोडाक्षरं रंगवत बसायचो. तो पालथा पडून काम करायचा आणि मला ओरडायचा, "पाटील, 'ज्ञ' काढताय का वांगं?" माझ्या आयुष्यात तेवढं एकच असं काम झालं की ज्यात मी काहीतरी शोधून काढतोय असं वाटलं. फ्लॉपीची दुसरी प्रत त्यानं मला दिली होती. आणखी कुणालाही दिली नव्हती.

तेव्हा नामांतराचा वाद पुन्हा पेटायला लागला होता. विद्यापीठाला नवं नाव द्यायचं की नाही यावरून आम्ही शिकत असताना गावोगाव घरं जळाली होती, ती धग कधी विझलीच नव्हती. कारखान्यात सगळे एकाच बसनं यायचे, एकाच कँटीनला जेवायचे, पण तो विषय निघाला की ताटं वेगळ्या टेबलांवर जायची. भास्कर आणि मी त्यावर कधी बोललो नाही. आज म्हणायला सोपं आहे की माझा नामांतराला विरोध नव्हता. खरं सांगायचं तर मी माझ्या घरचं ऐकत मोठा झालो होतो, आणि घरचं मत ते माझं मत, एवढाच माझा विचार होता.

एके दिवशी गावाहून माझा चुलतभाऊ आला, सोबत भावकीतली तिघं. चहा झाल्यावर म्हणाला, "तुझ्या कंपनीत म्हणं मशीनवर लई मोठाली अक्षरं निघत्यात. आपल्याला पाच बोर्ड पाहिजेत. विद्यापीठाचं नाव बदलू देणार नाही, एवढंच लिहायचं." मी म्हणालो, कंपनीत चालत नाही, साहेब ओरडतील. तो म्हणाला, "नाही म्हणतोस का जमत नाही म्हणतोस, ते सांग. घरी तसं सांगतो." एवढ्यावर मी नमलो. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. साप्ताहिक सुटीच्या दिवशी मालाची यादी काढायची आहे असं गेटवरच्या ओळखीच्या रखवालदाराला सांगून, वहीत नाव न लिहिता मी स्टोअरमधे गेलो, भास्करची फ्लॉपी घातली, आडवे सहा, उभे दोन असे आकडे दिले आणि पाच बोर्डांचे साठ कागद छापले. छापताना एक मात्र आठवतं. ओळीत 'द्या' आलं, ते जोडाक्षर मी स्वतः रंगवलं होतं. ते छान उठलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता... हे लिहिताना मला माझ्याच हाताची किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बजाजनगरच्या बसथांब्यासमोरच्या भिंतीवर एक बोर्ड होता आणि जिथं भास्करच्या लोकांची घरं होती त्या गल्लीच्या तोंडावर दुसरा. मी थांब्यावर आलो तर भास्कर आधीच उभा. तो भिंतीकडं बघत होता. मग रस्ता ओलांडून गेला, दोन कागदांच्या जोडावरून बोट फिरवलं आणि परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. प्रत्येक जोडावर पांढरी रेघ दिसत होती, अक्षरं चिरल्यासारखी. बसकडं बघतच तो म्हणाला, "पाटील, डावीकडची पट्टी फाडायची असती. उजवीकडची ठेवायची, तिच्यावर पुढचा कागद बसतो. किती वेळा सांगितलंय."

मी म्हणालो, "कुणी लावलं काय माहीत."

बस आली. रोज आम्ही एका बाकावर बसायचो, त्या दिवशी तो उभा राहिला.

दुपारपर्यंत गेटवर गर्दी झाली. गल्लीतली माणसं आली, समोरून दुसरी आली, ढकलाढकली झाली, दोघांची डोकी फुटली, पोलीस आले. कागदावरची अक्षरं कोणत्या मशीनची हे ओळखायला साहेबांना वेळ लागला नाही. त्यांनी भास्करला बोलावलं. प्रोग्राम तुझा, फ्लॉपी तुझी, मशीन तुझ्या ताब्यात, मग छापलं कुणी ते सांग. त्याला दोन दिवस दिले. ते दोन दिवस मी प्लॅनिंगच्या खोलीत, मधल्या काचेतून त्याचं रिकामं टेबल बघत काढले. उठून साहेबांच्या खोलीत जायला दहा पावलं होती. आत जाऊन 'साहेब, मी' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी पाणी प्यायला उठलो, चहाला उठलो, तिकडं गेलो नाही. तिसऱ्या दिवशी भास्कर आला आणि साहेबांना म्हणाला, "मला माहीत नाही. फ्लॉपी टेबलावरच असायची, कुणीबी घेऊ शकतं." त्याला त्याच दिवशी काढलं. त्यापेक्षा वाईट त्याच्या गल्लीत झालं. लोक म्हणाले, आपल्याविरुद्धचा बोर्ड तुझ्या मशीनमधून निघतो आणि तुला माहीत नाही? गल्लीतल्या वाचनालयाच्या समितीतून त्याचं नाव गेलं. तीन महिन्यांनी त्यानं खोली सोडली आणि चितेगावला परत गेला. स्टोअरचा कॉम्प्युटर कुणीतरी बघायला पाहिजे होता, आणि त्यातलं थोडंफार येणारा मी एकटाच होतो. तो मला मिळाला. त्याच्यावरच माझी पुढची पंचवीस वर्षं गेली.

विद्यापीठाला नाव मिळालं त्यानंतर काही महिन्यांनी पैठण रस्त्यावरून जाताना मला एक पत्र्याची टपरी दिसली, पाटी होती 'करुणा टायपिंग'. आत भास्कर. मी उतरू की नको करत उतरलो. त्यानं वर बघितलं, जरा थांबला, मग स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाला, "बसा पाटील. चहा सांगू का?" मी बसलो. त्यानं कारखान्यातल्या माणसांची चौकशी केली, मुलगी झाल्याचं सांगितलं. त्या दिवसापासून मी त्याच्याकडं जात राहिलो. माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नपत्रिका त्यानं केल्या. टपरीचं दुकान झालं, दुकानात फ्लेक्सचं मशीन आलं, वीस फुटी चेहरे एका दमात बाहेर पडू लागले. एकदा करुणानं त्याला नव्या कॉम्प्युटरवर दाखवलं की छापायच्या खिडकीतच एक खूण केली की पोस्टर आपोआप कागदांवर वाटलं जातं. तो हसला आणि मला म्हणाला, "बघा, आपण उगाच पालथं पडून रंगवत बसलो." तो 'आपण' म्हणाला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, भास्करनं मला माफ केलंय. आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. मला वाटायचं, तो मनाचा मोठा म्हणून काढत नाही.

शोकसभेत मी हेच बोललो. माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली, आवाजही भरून आला. आणि शेवटी म्हणालो की दोस्ती काय असते ते मला भास्करनं शिकवलं, स्वतःची नोकरी गेली, स्वतःच्या माणसांचे बोल खाल्ले, पण त्यानं मित्राचं नाव घेतलं नाही. बोलून खाली बसलो तेव्हा फार हलकं वाटलं. त्या हलकेपणाचीच आता सर्वांत जास्त लाज वाटते.

सभा संपल्यावर दाराशी चपला शोधत होतो. पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "तुम्हीच पाटील ना? मी भास्करची मोठी बहीण. तुमच्या गावातच दिलेली हाय."

मला काही कळेना. "आपल्या गावात? कोणाच्यात?"

"गाव तुमचं. आम्ही ओढ्याच्या पलीकडं." तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. मी ज्या गावात जन्मलो, वाढलो, दर दिवाळीला जातो, तिथं भास्करची बहीण चाळीस वर्षं राहत होती आणि मला माहीत नव्हतं. भास्करला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी कोणत्या गावचा, कोणत्या घरचा.

"तुम्ही आत्ता बोलले ते चांगलं बोलले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण तसं नव्हतं ते. साहेबानं दोन दिवस दिले तर तो पहिल्या गाडीनं माझ्याकडं आला. जेवला नाय. तुमच्यावर लई खवळला व्हता. म्हणला, आक्का, नाव सांगतो त्याचं. आमचे मालक, त्याचे दाजी, गपचिप ऐकत व्हते. मग म्हणले, भास्कर, तुला नोकरी दुसरी भेटंल. आम्हाला गाव दुसरं कुठून भेटंल?"

ती पुढं म्हणाली, "सहा घरं आमची. पाणी तुमच्या भावकीच्या विहिरीचं. कामबी तुमच्याच रानात. आधीच्या वेळेला काय झालं ते मालकांनी डोळ्यांनी बघितलं व्हतं. भास्कर लई वेळ तसाच बसला, मग बरं म्हणला आन् उठला. दोस्तीचं काय बोलला नाय. मला वाटलं तुम्हाला खरं सांगावं."

तिनं माझ्या खांद्याला हात लावला, का ते मला माहीत नाही, आणि करुणाबरोबर आत गेली. मी पायात एक माझी आणि एक दुसऱ्याची चप्पल घालून पार रिक्षापर्यंत आलो, तेव्हा कळलं.

त्या चहाच्या स्टुलाचं, त्या 'बसा पाटील'चं मला नंतर खूप दिवस काय करावं तेच सुचेना. इतकी वर्षं तो माझ्याशी बोलत होता ते मनापासून, की ओढ्यापलीकडच्या सहा घरांकडं बघून? करुणाला विचारलं. ती म्हणाली, "काका, दोन्ही असेल. तुम्ही गेल्यावर कधीकधी बाबा तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. आणि कधी तुम्ही महिनाभर आला नाहीत तर विचारायचे, पाटील बरे आहेत ना." यापलीकडं मला उत्तर मिळणार नाही. ज्याला विचारायचं होतं तो तीस वर्षं समोर बसलेला होता.

गेल्या आठवड्यात मी गावी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ओढा ओलांडला. पलीकडं पोचलो तेवढ्यात माझा तोच चुलतभाऊ मोटारसायकलवरून येताना दिसला. गाडी थांबवून म्हणाला, "इकडं कुठं रं?" मी म्हणालो, "असंच, पाय मोकळे करायला." ... वय सदुसष्ट. दोन वाक्यांत खरं सांगायचं होतं. आक्का समोरच दारात उभी होती, तिनं ते ऐकलं असणार.

तिनं मला आत बसवलं. चुलीच्या वरच्या भिंतीवर एक मोठा फलक होता, धुरानं तपकिरी झालेला. विद्यापीठाचं नवं नाव, आडवे चार, उभे चार, सोळा कागद. नाव मिळालं त्या आठवड्यात भास्करनं स्वतःकडच्या फ्लॉपीवरून कुठल्याशा मशीनवर छापून आणला आणि स्वतःच्या हातानं चिकटवला. मी विचारलं, बाहेर का नाही लावला? तिनं दारातून ओढ्याकडं हात केला. मी उठून जवळ गेलो. जोड कुठं आहेत ते मला सापडेना. नखानं चाचपून बघितलं तेव्हा कुठं कागदाची कड लागली. 'द्या' माझा होता. त्यानं तो बदलला नव्हता.

चहा पिताना मी तिला विचारलं, "आक्का, हे सगळं पेपरात लिहू का?" वही मी सोबत नेली होती, पहिली दोन पानं लिहून झाली होती, ती तिला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "भास्करचं नाव टाका. चांगलं ठसठशीत टाका. माझं नका टाकू. गावाचंबी नका टाकू. नातवंडांना हितंच ऱ्हायचंय अजून."

मी पेन काढलं आणि पहिल्या पानावरचं गावाचं नाव तिच्यासमोर खोडलं. एकदा खोडलं तरी खालचं वाचता येत होतं. ती म्हणाली, "अजून जरा." मग मी ते पुरतं काळं केलं.